खिशात मावणारा लांब झूम: कॅमेरा निवडीच्या नोंदी

४ ऑक्टोबर

२० डिसेंबरला मी आणि ताई तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघतोय. मागच्या खेपेला फक्त फोन नेला होता. रस्ते, माणसं, खोल्या, संध्याकाळचे दिवे, सगळं फोनने छान टिपलं. पण नदीपलीकडचा पक्षी, घुमटाखालचं कोरीवकाम, समोरच्या कड्यावरची पाऊलवाट यांचे फोटो घरी येऊन मोठे करून पाहिले तर सगळे फाटलेले. ते फोटो पाहताना आजही वाईट वाटतं, कारण त्या जागी पुन्हा जाणं होईल असं नाही.

म्हणून छोटा, लांब झूमचा कॅमेरा घ्यायचा ठरवलं. अटी अशा: जाकिटाच्या खिशात मावला पाहिजे, वजन ३५० ग्रॅमच्या आत, लेन्स बदलायची भानगड नको, आणि निघण्याआधी निदान तीन आठवडे हातात हवा. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची धरली आहे. नवा कॅमेरा प्रवासात शिकायला घेतला की निम्मा प्रवास मेन्यू शोधण्यात जातो.

७ ऑक्टोबर

आपल्याला खरंच किती झूम लागतो, हे आधी जुन्या फोटोंना विचारलं. दोन प्रवासांत काकांचा जुना कॉम्पॅक्ट (छोटा) कॅमेरा नेला होता, त्याचे फोटो जपून ठेवलेत. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती फोकल लेंग्थला (झूम किती लांबवला होता ते सांगणारा मिमीमधला आकडा) काढला ते लिहिलेलं असतं. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम ही माहिती अख्ख्या फोल्डरमधून एकदम काढून देतो.

इथे पहिली चूक झाली. मी यादीतला नुसता ‘फोकल लेंग्थ’ हा रकाना घेतला. त्यात लेन्सची खरी फोकल लेंग्थ असते आणि प्रत्येक सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या आतल्या पट्टीच्या) आकाराप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. फोनचे आणि कॅमेऱ्याचे आकडे एकत्र केल्यावर काहीच्या काही चित्र दिसायला लागलं. घ्यायचा रकाना होता ‘३५ मिमी समतुल्य’, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचे आकडे ३५ मिमी फिल्मच्या एकाच मापावर आणलेले. हे समजेपर्यंत तीन तास गेले. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी थेट तोच रकाना घ्यावा. इथून पुढे मी झूमचा पल्ला सांगताना हेच समतुल्य आकडे लिहिते आहे.

निकाल कामाचा निघाला. जवळजवळ निम्मे फोटो सर्वांत रुंद टोकाला, म्हणजे झूम न लांबवता, आणि एक मोठा गठ्ठा सर्वांत लांब टोकाला, म्हणजे २५० मिमीला. मधलं जवळपास रिकामं. त्या लांब टोकाच्या गठ्ठ्यातला प्रत्येक फोटो उघडून, मला हवी होती तेवढी चौकट कापून पाहिली. बहुतेकांना दीडपट ते दुप्पट झूम पुरला असता, म्हणजे ३७५ ते ५०० मिमी. त्याहून जास्त लागणारे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सगळे पक्ष्यांचे.

हे काम न करताच दुकानात गेले असते तर ‘जितका जास्त झूम तितकं बरं’ असं म्हणून मोकळी झाले असते.

११ ऑक्टोबर

आज कागदावर उमेदवार मांडले. आधी एक तास वाया गेला तो सांगते. पॅनासॉनिकचे हे कॅमेरे काही देशांत टीझेड नावाने आणि काही देशांत झेडएस नावाने विकले जातात. टीझेड २०० म्हणजेच झेडएस २००, पण टीझेड ९५ म्हणजे मात्र झेडएस ८०. आकडे वेगळे असल्यामुळे मी एकाच कॅमेऱ्याची त्याच कॅमेऱ्याशी तुलना करत बसले होते.

दोन घराणी आहेत. एका घराण्यात छोटा सेन्सर, १/२.३ इंची म्हणतात तो, सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा. त्यावर प्रचंड झूम बसतो. पॅनासॉनिक टीझेड ९५ आणि टीझेड ९९ यांचा पल्ला २४–७२० मिमी, म्हणजे ३० पट. सोनी एचएक्स ९९ चाही तेवढाच, आणि वजन फक्त २४२ ग्रॅम. कॅनन एसएक्स ७४० तर २४–९६०, म्हणजे ४० पट, पण त्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल मिळत नाही.

दुसऱ्या घराण्यात १ इंची म्हणवला जाणारा सेन्सर. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमीचा असतो. नावातला इंच जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या मापावरून आलेला आहे, त्याच्यावर विसंबून राहू नये. क्षेत्रफळ मात्र छोट्याच्या चौपट भरतं. यात पॅनासॉनिक टीझेड १०० (२५–२५०), टीझेड २०० (२४–३६०, ३४० ग्रॅम), आणि सोनी आरएक्स १०० ची सहावी व सातवी आवृत्ती (२४–२००).

‘इतके पट’ हा आकडा म्हणजे लांब टोक भागिले रुंद टोक, एवढंच. त्यातून दूरचं किती स्वच्छ दिसेल याबद्दल काही कळत नाही. तरी खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात तोच छापलेला असतो.

१८ ऑक्टोबर

दोन कॅमेरे चार आठवड्यांसाठी उसने मिळाले. एक मित्राचा, छोट्या सेन्सरचा ३० पट झूमवाला. दुसरा जुन्या सहकाऱ्याचा, १ इंची सेन्सरचा १५ पटवाला. पुढे त्यांना तीसपटी आणि पंधरापटी म्हणते. दोन्ही वापरलेले आहेत. एकेका नगावरून कुठल्या कंपनीला बरं-वाईट म्हणणं मला पटत नाही, म्हणून इथे निकाल लिहिताना नावं घेत नाही.

आजचा अख्खा दिवस फुकट गेला. कारणं ओळीने लिहून ठेवते, कारण ही चाचणी घरी करणारा प्रत्येकजण यातली एक तरी चूक करतो असा माझा अंदाज आहे.

सकाळी तीसपटीने दूरच्या पाण्याच्या टाकीचे फोटो काढले. पंधरापटीची बॅटरी चार्ज व्हायची होती, म्हणून तिचे दुपारी काढले. तीसपटी फार सरस आली. मी खुशीत येऊन मित्राला फोनसुद्धा केला. संध्याकाळी शंका आली म्हणून दुपारचे फोटो पुन्हा पाहिले, तर टाकीची कड लाटेसारखी वाकडी. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर येते आणि लांब पल्ल्याच्या फोटोत ती थरथर सरळ उमटते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, वेळेचा होता.

दुसरी चूक, काही फोटो बंद खिडकीच्या काचेतून काढले. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी काच लांब झूमला चित्र पुसट करते. तिसरी चूक, तिपाईवर लावूनही कंप रोखणारी सोय चालूच ठेवली, आणि काही फोटोंत तिनेच चित्र किंचित सरकवलं.

२५ ऑक्टोबर

पुन्हा सगळं, या वेळी शिस्तीत. सूर्य उगवल्यावर लगेच. अंतर फक्त २५ मीटर, म्हणजे मध्ये फार हवा नको. समोर पुठ्ठ्यावर छापील अक्षरं, वरून खाली लहान होत जाणारी. दोन्ही कॅमेरे एकाच तिपाईवर एकामागोमाग, कंपरोधक बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरने. मग हातात धरून दोघांचे दहा-दहा फोटो, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/१२५ सेकंदाला पक्का.

तिपाईवर तीसपटीने ५ मिमीचं अक्षर वाचता आलं. पंधरापटीचा फोटो मधून कापून तेवढाच मोठा केला, तर ६ मिमीचं वाचता आलं. मी हे तीनदा तपासलं. एकाचा झूम दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणजे अक्षरही निम्म्या आकाराचं वाचता यायला हवं होतं. फरक निघाला एका ओळीचा.

हातात धरून तीसपटीचे दहापैकी चार फोटो धारदार आले, पंधरापटीचे सात.

२६ ऑक्टोबर

रात्रभर तो एका ओळीचा फरक डोक्यात होता. सकाळी दोन्ही कॅमेरे झूम पूर्ण लांबवून समोरासमोर धरले आणि लेन्समध्ये पाहिलं. आतलं भोक जवळजवळ सारखंच दिसलं.

मग हिशेब केला. लेन्सवर लिहिलेली खरी फोकल लेंग्थ घ्यायची (समतुल्य नव्हे) आणि लांब टोकाच्या ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं ते सांगणाऱ्या, आकड्याने भागायची. उत्तर येतं ते उजेड आत घेणाऱ्या तोंडाची रुंदी. टीझेड ९५ आणि ९९: १२९ ÷ ६.४, सुमारे २० मिमी. टीझेड २००: १३२ ÷ ६.४, साधारण २०.६ मिमी. म्हणजे ३० पटवाला आणि १५ पटवाला, दोघांचं तोंड एकाच मापाचं. दूरच्या पक्ष्याकडून दोघांनाही उजेड सारखाच मिळतो. एकजण तो छोट्या सेन्सरभर पसरवतो, दुसरा मोठ्या सेन्सरच्या मधल्या चतकोरात ठेवतो.

बाकीचे: आरएक्स १०० ची सातवी आवृत्ती ७२ ÷ ४.५, १६ मिमी. टीझेड १०० ९१ ÷ ५.९, साधारण १५ मिमी. कॅनन एसएक्स ७४० १७२ ÷ ६.९, सुमारे २५ मिमी, म्हणजे या यादीत सगळ्यांत रुंद. याहून खूप मोठं तोंड हवं तर खिसा विसरावा लागतो: सोनी आरएक्स १० ची चौथी आवृत्ती २२० ÷ ४, ५५ मिमी, पण वजन १,०९५ ग्रॅम.

छोट्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल असले तरी लांब टोकाला ते सगळे कामी येत नाहीत, हेही यातच आलं. ॲपर्चर ६.४ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण ८ ते ९ मायक्रॉनची चकती होऊन पडतो, आणि तिथला एक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा. एकाच चकतीवर कित्येक पिक्सेल. म्हणून दुप्पट झूममधून जेमतेम एक ओळ हाती लागते.

ती एक ओळ खरी आहे. फक्त पक्षीच टिपायचे असतील तर मी तीसपटीच घेईन. पण माझे निम्मे फोटो रुंद टोकाला आहेत.

२८ ऑक्टोबर

रुंद टोकाची चाचणी, अंधाऱ्या जिन्यात. दोघांचं ॲपर्चर ३.३. पंधरापटीचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) १६०० चा फोटो तीसपटीच्या ४०० च्या फोटोइतका स्वच्छ. चौपट क्षेत्रफळाचा फायदा इथे पुरेपूर मिळतो. याच्यावर जास्त लिहायला काही नाही, पहिल्याच फोटोत फरक दिसला.

२ नोव्हेंबर

आजचा धडा कागदावर कधीच कळला नसता.

तीसपटीला व्ह्यूफाइंडर नाही, फक्त मागचा पडदा. पंधरापटीला डोळा लावायची छोटी खिडकी आहे. उन्हात तळ्याकाठी बसून बगळ्याचे फोटो काढायला गेले. ७२० मिमीला चौकटीत आडवे जेमतेम ३ अंश मावतात. हात लांब करून, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या पडद्याकडे बघत त्या ३ अंशांत बगळा पकडायचा होता. तो हलला की आधी पाणी दिसतं, मग झाडी, मग आकाश, आणि बगळा सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. दोन तासांत बगळा चौकटीत असलेले फोटो ११. पंधरापटीला ३६० मिमीला जवळजवळ ६ अंश मिळतात, कॅमेरा कपाळाला टेकलेला, कोपरं छातीशी. तिथे तेवढ्याच वेळात ६० च्या वर.

ताईच्या हातात दोन्ही आळीपाळीने दिले. तिने कधी कॅमेरा हाताळलेला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “हा डोळ्याला लावायचा बरा गं. त्या दुसऱ्यात मी नुसतीच शोधत बसते.”

शोधायची एक युक्ती दोन्हींना लागू पडते: आधी रुंद टोकाला पक्षी बरोबर मध्ये घ्यायचा, आणि नजर न हलवता झूम लांबवत न्यायचा. काही कॅमेऱ्यांत झूम क्षणभर मागे घेऊन पुन्हा तिथेच आणणारं बटणही असतं. असेल तर पहिल्याच दिवशी शिकून घ्यावं.

व्ह्यूफाइंडर ही अट आज यादीत वर गेली. टीझेड ९५ मध्ये तो होता, नंतरच्या टीझेड ९९ मध्ये काढून टाकलाय. नवं मॉडेल म्हणजे प्रत्येक बाबतीत पुढचं असं धरून चालू नये.

५ नोव्हेंबर

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने दोन्ही लांब टोकाला. दोघेही सारखेच हरले. स्थिर देऊळ-मनोरे कंपरोधकाच्या जिवावर १/३० ला निघतात, पण हलणाऱ्या जिवाला १/५०० लागतो आणि तेवढा उजेड २० मिमीच्या तोंडातून येतच नाही. या वर्गातल्या कुठल्याही कॅमेऱ्याकडून ही अपेक्षा ठेवून पैसे घालू नका.

९ नोव्हेंबर

बॅटरी आणि चार्जिंग. आरएक्स १०० च्या सातव्या आवृत्तीसाठी एका चार्जमध्ये २६० फोटो असा अधिकृत आकडा आहे. झूम सारखा आत-बाहेर केला तर हातात कमीच पडतात. त्यामुळे जास्तीची बॅटरी घ्यायचीच. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, जवळच्या बॅगेत ठेवायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून. या बॅटऱ्या १० वॉट-तासांच्याही आत असतात, विमानातली १०० वॉट-तासांची मर्यादा लांब आहे.

जुन्या मॉडेलना मायक्रो यूएसबी असतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या कॅमेऱ्यांना सी प्रकारचं चार्जिंग बंधनकारक झालं, त्यामुळे नव्यांत तो मिळतो. माझ्यासाठी एक जास्तीची केबल म्हणजे अडचण नाही.

१५ नोव्हेंबर

उसने कॅमेरे परत केले. निर्णय: १ इंची सेन्सर, ३६० मिमीपर्यंत पल्ला, व्ह्यूफाइंडर. वापरलेला घ्यायचा.

आणि आज मीच यादी मोडली. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत यादीबाहेरचं एक मॉडेल समोर आलं आणि घेऊन टाकलं. विक्रेत्यासमोर घरातल्या घरात चार फोटो काढून पाहिले, चांगले दिसले.

१६ नोव्हेंबर

सकाळी निरभ्र आकाशाचा फोटो काढला. उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन राखाडी ठिपके. झूम लांबवला तसे ते गडद झाले. लेन्स पुसून पाहिली, फरक नाही. धूळ आत सेन्सरवर गेलेली. घड्या घालत आत-बाहेर होणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळही. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे घरी साफ करण्याचा मार्ग नाही. सगळा कॅमेरा उघडावा लागतो.

परत देताना विक्रेत्याने रकमेतला दहावा हिस्सा कापून घेतला, शिवाय दोन दिवस गेले. घेताना आकाशाचा एक फोटो काढला असता तर दोन्ही वाचलं असतं.

२३ नोव्हेंबर

ठरल्या यादीतला कॅमेरा मिळाला, नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत. या वेळी विक्रेत्याकडे ४० मिनिटं बसले. आकाशाचा फोटो झूम पूर्ण लांबवून, ॲपर्चर ८ वर, एकही ठिपका नाही. विटांच्या भिंतीचा फोटो रुंद टोकाला आणि लांब टोकाला, चारही कोपरे मोठे करून पाहिले. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कलली आहे असं समजायचं. झूम वीस वेळा आत-बाहेर, कुठे अडखळणं किंवा करकर नाही. बॅटरी फुगलेली नाही. कार्ड लिहिलं जातंय. समोरच्याला घाई होती, पण मी उठले नाही.

२८ नोव्हेंबर

अर्धा चंद्र. पहिले सहा फोटो वाया, चंद्राऐवजी पांढरी चकती. कॅमेरा काळ्या आकाशाकडे बघून उजेड वाढवतो, पण चंद्र तर उन्हात आहे. आयएसओ १००, शटर १/२५० हाताने लावलं आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं स्वच्छ उमटली. ३६० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढाच येतो. कापून मोठा केल्यावरही मला तो पुरेसा वाटला. हा फोटो काढल्यावर कॅमेरा आपला वाटायला लागला.

६ डिसेंबर

सेटिंग पक्की केली. डायलवरच्या साठवायच्या जागेत लांब पल्ल्याचा संच: शटर १/५००, आयएसओ आपोआप पण १६०० च्या वर नाही, फोकस मधल्या एकाच चौकोनावर, एका दाबात चार फोटो. चारातला एक तरी धारदार निघतो, बाकीचे त्याच रात्री पुसायचे. लांब टोकाला ॲपर्चर ६.४ वरच ठेवायचं. ८ केलं की उजेडही जातो आणि धारही. डिजिटल झूम बंद, तेवढं कापणं घरीही होतं. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू.

१४ डिसेंबर

पूर्ण दिवसाची रंगीत तालीम, नऊ तास पायी. ३१० फोटो, दुसरी बॅटरी दुपारी अडीचला लावावी लागली. तिसरी मागवली. गुळगुळीत अंगामुळे कॅमेरा दोनदा हातातून निसटता निसटता राहिला, म्हणून समोर चिकटवायची रबरी पकड लावली आणि मनगटाचा पट्टा कायमचा अडकवला. पकड लावल्यावर तो माझ्या जाकिटाच्या खिशात अडायला लागला. ताईचा खिसा मोठा आहे, तिथे बसतो. ती म्हणाली, “मग माझ्याकडेच राहू दे, पक्षी दिसला की माग.” तिला बटणं दाखवून झाली आहेत. बॅग शुक्रवारी भरायची आहे.